ओमुरझाकची साठ ग्रॅम चरबी

अत-बाशीच्या जनावरांच्या बाजारात ओमुरझाक दलालाला तराजू कधी लागला नाही. मेंढ्याच्या पाठीवर पंजा फिरवायचा, दोन बोटांनी कंबरेचं हाड दाबायचं, मग खाली वाकून शेपटीखाली, म्हणजे आमच्या मेंढ्यांच्या मागे लोंबणाऱ्या चरबीच्या गोळ्याखाली, तळहात घालायचा, दोनदा वर-खाली करायचा आणि आकडा सांगायचा. "मटण सत्तावीस, शेपटी साडेचार." मेंढा कापल्यावर अर्ध्या किलोहून जास्त फरक पडला तर सगळ्यांना जेवण मी घालीन, अशी त्याची पैज असे. एकोणतीस वर्षांत हे जेवण त्याला एकदाच घालावं लागलं होतं. त्या मेंढ्याला मालकाने येताना नदीवर पोटभर पाणी पाजलं होतं, असं ओमुरझाक अजूनही सांगे.

दुसऱ्याचं वजन इतकं अचूक सांगणाऱ्या या माणसाला स्वतःच्या वजनाचा मात्र पत्ता नव्हता. छप्पन्न वर्षांचा होता, उंचीने बेताचा, पण आडवा असा की दुकानाच्या दारातून आत शिरताना आधी पोट विचारपूस करून येई आणि मागून तो. फेल्टची उंच पांढरी टोपी डोक्यावर असली की लांबून तो एखाद्या तंबूसारखा दिसे. त्याचं त्याला काही वाटत नसे. आमच्याकडे वाळलेला माणूस दिसला की लोक आधी घरी सगळं ठीक ना, असं विचारतात.

गोष्ट बदलली ती फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी. बर्फ वितळून बाजारात घोटाभर चिखल झाला होता. एका मेंढपाळाने थोराड मेंढा आणला होता, शेपटी अशी की तिच्यासाठी वेगळी गाडी करावी. ओमुरझाक गुडघ्यावर बसला, तळहात खाली घातला, "सहा किलो दोनशे," असं म्हणाला आणि उठायला गेला. उठता येईना. डावा गुडघा जागीच गच्च झाला होता. आधाराला म्हणून त्याने हातात होतं ते, म्हणजे शेपटीच, धरली. मेंढा बिथरला आणि पळाला. ओमुरझाकने शेपटी सोडली नाही, त्यामुळे चार-पाच हात तो चिखलातून पोटावर सरकत गेला. मग मेंढाच दमून उभा राहिला.

चौघांनी काखेत हात घालून त्याला उभं केलं. तेवढ्यात दुसरा दलाल कासमाली पुढे आला. या दोघांची वीस वर्षांची चुरस होती. कासमालीने गंभीर चेहऱ्याने ओमुरझाकच्या कंबरेवर पंजा फिरवला, पोटाखाली हात घालून वर-खाली केला आणि जमलेल्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जिवंत वजन एकशे वीस. हाड जड, शेपटी उत्तम. चारा सगळा खातो, पण उठत नाही. घेणाऱ्याने विचार करून घ्यावं."

बाजार पोट धरून हसला. ओमुरझाकही हसला. न हसून करतो काय.

दुसऱ्या दिवशी तो नारीनला डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने फोटो काढून गुडघा दाखवला आणि सांगितलं की शस्त्रक्रिया करता येईल, पण आधी वजन शंभराच्या आत आणायचं, नाहीतर नवा गुडघाही हेच करणार. मग त्याला काट्यावर उभं केलं. एकशे एकोणीस. कासमाली फक्त एका किलोने चुकला होता, आणि परतीच्या वाटेवर ओमुरझाकला ती गोष्ट गुडघ्यापेक्षा जास्त ठणकत होती.

मार्चमध्ये नवरोझच्या सुट्टीला त्याची मुलगी नूरपेरी बिश्केकहून आली. ती तिथल्या एका व्यायामशाळेत शिकवत असे. सव्वीस वर्षांची, सडपातळ, आणि बोलणं बापासारखंच आकड्यांत. आईने, सायराकानने, तिला चिखलाची सगळी हकीकत सांगितली. नूरपेरी हसली नाही. जेवण झाल्यावर तिने बापासमोर वही उघडली.

तिने आधी उंची, वय, वजन घेतलं, काही गुणाकार-भागाकार केले आणि सांगितलं की नुसतं पडून राहिलात तरी तुमचं शरीर दिवसाला जवळजवळ दोन हजार कॅलरी जाळतं. चालणं, बाजार, जनावरं धरून सव्वीसशे होतात. त्यातून पाचशे कमी केल्या की एकवीसशे. रोज एकवीसशे खायच्या, वर नाही.

ओमुरझाकने विचार केला आणि म्हणाला, "हजारच ठेव. एकदाच काय ते उरकून टाकू. मेपर्यंत मोकळा होतो."

"हजार ठेवले तर चौथ्या दिवशी तुम्ही दाराची चौकट खाल, अताके," नूरपेरी बापाला म्हणाली.

मग तिने एकवीसशेचे तीन वाटे केले. प्रथिनं एकशे चाळीस ग्रॅम, म्हणजे वजन उतरताना मांस झडायचं नाही. कर्बोदकं अडीचशे ग्रॅम. आणि चरबी साठ ग्रॅम. प्रथिनाच्या ग्रॅमला कॅलरी चार, कर्बोदकाला चार, चरबीला नऊ.

हे नऊ ऐकून ओमुरझाक पहिल्यांदा ताठ बसला. "मांसाला चार, नानला चार आणि चरबीला नऊ? हा भाव कुणी लावला? शहाणा माणूस दिसतो." आयुष्यभर तो हेच सांगत आला होता की मेंढ्यात मोलाची वस्तू म्हणजे शेपटी. मग चरबीच जास्त खावी, असा त्याने सरळ हिशेब केला.

"हा भाव नाही, हे ओझं आहे," नूरपेरी म्हणाली. "ती नऊ तुमच्या गुडघ्यावर पडते."

अवघड नावं त्याच्या तोंडात बसेनात. त्याने त्यांची आपली नावं करून टाकली. प्रथिनं म्हणजे मटण, कर्बोदकं म्हणजे नान आणि चरबी म्हणजे शेपटी. मटण एकशे चाळीस, नान अडीचशे, शेपटी साठ. असं म्हटल्यावर त्याला सगळं समजलं. फक्त एक गोष्ट पचायला दोन दिवस लागले: शंभर ग्रॅम शिजल्या मटणात 'मटण' पंचवीसच ग्रॅम असतं. बाकीचं काय, तर पाणी. आणि थोडी शेपटी.

"मटणात शेपटी," तो स्वतःशी म्हणाला. "आहे खरी. चांगल्या मेंढ्यात असतेच."

आदल्या दिवशी काय काय खाल्लं ते नूरपेरीने लिहून काढायला लावलं. लोणी घातलेला दुधाचा चहा, सायीत बुडवलेले पिठाचे तळलेले बोर्सोक, रात्रीचं उरलेलं परतलेलं मटण, दुपारी नूडल्स घालून रस्सा, मधे पुन्हा चहा. बेरीज चार हजार तीनशे झाली, त्यात शेपटी दोनशे तीस. हा आकडा पाहून तिने कपाळाला हात लावला. ओमुरझाकने मात्र तो दोनदा वाचून घेतला. एवढ्या शेपटीचा मेंढा बाजारात आला असता तर त्याने मालकाची पाठ थोपटली असती.

नूरपेरीने शहरातून स्वयंपाकघरातला छोटा काटा आणला होता. तो पाहून ओमुरझाकचा अपमान झाला. त्याने परातीतला एक बोर्सोक उचलून तळहातावर खालीवर केला. "सतरा." काट्यावर ठेवला, सतरा. लोण्याचा गोळा घेतला. "बावीस." बावीस. मग नानचा तुकडा, मग अंडं, मग सायराकानच्या शिवणाच्या डब्यातली कात्री. नूरपेरीने काटा पुन्हा पिशवीत घालून ठेवला.

सायराकानला हे सगळं अशुभ वाटत होतं. तीस वर्षं ज्या माणसाला तिने "अजून थोडं" म्हटलं, त्याला आता "बस" म्हणायचं हे तिच्या जिभेला जमेना. मोजून जेवण आजाऱ्याला देतात नाहीतर कैद्याला, असं ती म्हणे. तरी रश्शावरची तरंगती चरबी ती डावेने काढून टाकी, आणि काढताना चेहरा असा करी की कुणाच्या अंगावरचे दागिने उतरवतेय. काढलेली चरबी ती फेकत मात्र नसे. शेजारणीला देई.

नूरपेरी शहरात परत गेली. रोज संध्याकाळी सातला तिचा फोन येई आणि ओमुरझाक वहीतून वाचून दाखवी. मटण एकशे पस्तीस, नान दोनशे चाळीस, शेपटी अठ्ठावन्न. तंतोतंत. परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा तो आकडे सांगे.

वजन करायला घरात साधन नव्हतं. नूरपेरीने माणसांसाठीचा काचेचा काटाही आणला होता, पण त्याची काच ओमुरझाकच्या एका पायाखालीच कुरकुरली, तेव्हा तो काटा कपाटावर गेला. मग दर बुधवारी, बाजार रिकामा असताना, तो गुपचूप गुरांच्या काट्यावर जाऊ लागला. लोखंडी पिंजऱ्यात उभं राहायचं, बाहेर राखणदार आकडा वाचणार. पहिल्या बुधवारी एकशे एकोणीस. दुसऱ्या बुधवारी एकशे एकोणीस. तिसऱ्या बुधवारी एकशे एकोणीस आणि वर चारशे ग्रॅम. त्या दिवशी पिंजऱ्याबाहेर सातजण उभे होते. राखणदाराच्या पोटात काही राहत नाही, हे ओमुरझाकने आधी लक्षात घ्यायला हवं होतं. सातांत कासमाली होताच. त्याने मुठीत आणलेलं गवत गजांतून आत धरलं.

ओमुरझाकने त्या संध्याकाळी फोनवर सांगून टाकलं की तुझं गणित मेंढ्यांना लागू असेल, माणसाला नाही.

नूरपेरीने शनिवारची गाडी पकडली. रविवारी सकाळी बापाने काय खाल्लं ते समोर बसून पाहिलं: दोन उकडलेली अंडी, नानचा मोजका तुकडा, बिनलोण्याचा चहा. सगळं बरोबर होतं. मग तो रोजच्यासारखा बाजाराला निघाला तर तीही वही घेऊन मागून निघाली.

घरापासून बाजारापर्यंत वीस मिनिटांची वाट. पहिल्याच दारात शेजारीण उभी होती. "ओमुरझाक आके, असे कसे जाता? नानला तोंड लावून जा." आमच्याकडे दारावरून जाणाऱ्याला असं म्हटलं की थांबावंच लागतं. नान पुढे केलं जातं, त्याचा तुकडा मोडायचा, तोंडात घालायचा, आशीर्वाद द्यायचा आणि चालू लागायचं. नाही म्हटलं तर त्या घराशी भांडण आहे असा अर्थ होतो. ओमुरझाकने तुकडा मोडला, शेजारणीने पुढे केलेल्या सायीच्या वाटीत बुडवला, खाल्ला, आशीर्वाद दिला. नूरपेरीने वहीत काहीतरी लिहिलं. दुसरं दार. तिसरं दार, तिथे लोणी होतं. चौथ्या दारात मध. बाजाराच्या फाटकाशी पोचेपर्यंत अकरा दारं झाली होती.

फाटकाशी नूरपेरीने वही त्याच्या नाकासमोर धरली. "चौदाशे. हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाही."

"हे खाणं थोडंच आहे?" ओमुरझाक खरंच चकित झाला होता. "हे तोंड लावणं आहे."

"आणि परत जाताना?"

परत जाताना तो दुसऱ्या गल्लीने जात असे, कारण त्या गल्लीतल्या लोकांनी काय पाप केलं होतं? तिकडे सात दारं होती.

आता करायचं काय? नाही म्हणणं शक्य नव्हतं. ओमुरझाकने चार दिवस नदीकाठच्या मागच्या वाटेने जाऊन पाहिलं, तर पाचव्या दिवशी गावात बातमी की ओमुरझाकचं साऱ्या गल्लीशी बिनसलंय. दुसरी बातमी अशी की नदीकाठी एक विधवा राहते. सायराकानने दुसरी बातमी ऐकल्यावर नदीकाठची वाट बंद झाली.

सुटका केली ती नव्वदीच्या बुबुकान आजीने. तिचं दार वाटेवरचं सहावं. ओमुरझाकने तिच्यासमोर तुकडा हातात घेऊन आपलं रडगाणं गायलं, तेव्हा तिने तो तुकडा त्याच्या हातातून परत घेतला. हाताएवढा होता. तिने त्यातून नखाएवढी कड मोडून त्याला दिली.

"सत्तर वर्षं मी या दारात उभी राहून म्हणते, तोंड लाव," ती म्हणाली. "तू मेल्या पोट लावतोस."

तेव्हापासून ओमुरझाक नखाएवढं मोडू लागला, कोरडं. वहीत त्याने नवी ओळ काढली: दारावरचं, नव्वद कॅलरी. आणि पुढच्या बुधवारी पिंजऱ्यात काट्याने एकशे अठरा दाखवले. त्यानंतर काटा उतरतच गेला. सोळा, मग चौदा. मेच्या मध्यापर्यंत एकशे बारा. कासमाली गवत आणायचा थांबला.

यश पचवणं मटण पचवण्यापेक्षा कठीण असतं. ओमुरझाकचा हात आता मेंढ्यांवरून ताटांवर गेला होता आणि डोळेही तसेच. कुणाच्याही ताटात काय आहे ते त्याला दुरून दिसू लागलं, आणि दिसलं की बोलल्याशिवाय राहवेना. एका भाच्याच्या नव्या घराच्या जेवणात तो स्वतः कोरडं नान चघळत बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आकडे सांगत होता. तुझं सातशे. तुझं नऊशे, त्यात शेपटी साठ. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी हौसेने ताट भरून घेतलं होतं. ओमुरझाकने आदराने टोपी सरळ केली आणि सांगितलं, "एक हजार नऊशे, बाई." बाईंनी चमचा खाली ठेवला आणि पुढे महिनाभर त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. त्यानंतर गावातल्या प्रत्येक जेवणात ओमुरझाकला एका बहिऱ्या म्हाताऱ्याशेजारी बसवू लागले.

पण हेच लोक दुसऱ्या दिवशी त्याच्या फाटकाशी येत. कुणाच्या हातात झाकलेली वाटी, कुणाच्या पदराआड पातेलं. इकडे-तिकडे बघून हळूच म्हणत, "ओमुरझाक आके, जरा हात लावा." सगळ्यात शेवटी, अंधार पडता पडता, मुख्याध्यापिकाबाईंच्या घरून डबा आला, सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मेच्या अखेरीस नूरपेरीला मागणी आली. मुलगा बेक्तेमिर, तिच्याच शहरात पूल बांधणाऱ्यांकडे नोकरीला. दोघांचं आपसांत दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं, आता मोठ्यांनी ठरवायचं उरलं होतं. मुलाचे आईवडील कोच्कोरहून आले. वडील शार्शेनाली मधमाश्या पाळणारे. गाडीतून ते उतरले तेव्हा गाडी वीतभर वर उचलली गेली. ओमुरझाकने एका नजरेत ओळखलं: एकशे अठ्ठावीस. आई गुलसून बारीक, चपळ, सगळीकडे बघणारी.

त्यांनी सोबत मेंढा आणला होता. तो अंगणात कापला, आणि दुपारपासून जेवणाचं दस्तरखान पसरलं. ओमुरझाकने सकाळपासून मोठ्या संयमाने दिवस सांभाळला होता, कारण पाहुण्यांबरोबर खावं लागणार हे त्याला माहीत होतं. तरी दोन अंडी, रस्सा, पाहुण्यांनी आणलेलं मधातलं मिष्टान्न, यजमानाने आधी चाखायची म्हणून साय. चार वाजता वही न उघडताही त्याला आकडा माहीत होता. शेपटी बावन्न. हातात उरली होती आठ.

आणि तेव्हा ताट आलं. उकडलेल्या शेपटीचे पांढरे, थरथरणारे काप आणि त्यांच्यावर काळसर लिव्हरचे काप. हे ताट खाण्यासाठी नसतं, करारासाठी असतं. दोन्हीकडच्यांनी एकमेकांना हे भरवलं की लग्न ठरलं. मग कागद नको, सही नको. आणि एकाने खाल्लं नाही, तर तेही तितकंच स्पष्ट असतं.

शार्शेनाली उठून गुडघ्यांवर आले, बोटांनी एक मोठा काप लिव्हरसकट उचलला आणि ओमुरझाकच्या तोंडापुढे धरला. शेजारच्या खोलीत, पडद्यामागे, नूरपेरी पांढरा रुमाल बांधून उभी होती.

ओमुरझाकने तोंड उघडायला हवं होतं. त्याने हात पुढे केला. काप तळहातावर घेतला आणि, त्याने पुढे शपथेवर सांगितलं की हे त्याने केलं नाही, हाताने केलं, तळहात दोनदा वर-खाली झाला.

"नव्वद," तो पुटपुटला. "त्यात लिव्हर तीस."

शार्शेनालींचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांनी हळूच पुन्हा बैठक मारली. "ओमुरझाक आके," ते म्हणाले, "आम्ही कोच्कोरहून मेंढा आणलाय. हलका वाटत असेल तर तसं सांगा. तोंडावर तोलायची गरज नाही."

सायराकानने ओढणी तोंडात धरली. ओमुरझाकच्या हातात शेपटी वितळायला लागली होती. खोटं काही सुचेना. एकोणतीस वर्षं त्याने दलाली केली, पण कुणाला खोटा आकडा सांगितला नव्हता, त्यामुळे सवय नव्हती.

"मेंढा उत्तम आहे," तो म्हणाला. "असा मेंढा मी या वर्षी पाहिला नाही. पण मला दिवसाला साठ ग्रॅम शेपटीची हद्द घातलीय. बावन्न झाली. आठ उरलीय."

"हद्द? कुणी घातली?"

ओमुरझाकने पडद्याकडे पाहिलं. "तुमच्या होणाऱ्या सुनेने."

मग गुलसून हसली. आधी बारीक, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मांडीवर हात मारत. "उठा," ती नवऱ्याला म्हणाली, "नाही, तुम्ही कुठले उठताय. कुणीतरी त्या पोरीला बाहेर बोलवा. दहा वर्षं मी या माणसाला सांगतेय, एक शब्द ऐकत नाही. देवाने माझ्या घरी पाठवलेली पोर ही."

शार्शेनाली हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी उगवत होतं. आपण कुणाला घरी नेतोय हे त्यांना त्या क्षणी कळलं.

नूरपेरी पडद्याबाहेर आली. मागणीच्या वेळी मुलीने बोलायचं नसतं. तिने सगळ्यांना वाकून नमस्कार केला, मान खाली घातली आणि खालमानेनेच म्हणाली, "अताके, खा. हद्द दिवसाची म्हणून सांगितली, पण बघायची असते आठवड्याची. आज जास्त झाली तर उद्या-परवा थोडी कमी."

ओमुरझाकने मनात हिशेब केला. सात दिवस, साठ ग्रॅम. चारशे वीस. "म्हणजे भाच्याच्या नव्या घरी मी कोरडं नान चघळलं ते..."

"आधी सांगितलं असतं तर आठवड्याची सगळी शेपटी तुम्ही सोमवारीच संपवली असती."

खरंच संपवली असती. त्याने काप तोंडात टाकला. दोन महिन्यांनी पहिल्यांदा तोंडभर शेपटी होती. ती जिभेवर विरघळली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पाहुण्यांना वाटलं मुलगी जाणार म्हणून बापाचा जीव भरून आला. तेही थोडं होतंच. मग त्याने दुसरा काप उचलून, या वेळी न तोलता, शार्शेनालींच्या तोंडात घातला आणि म्हणाला, "घ्या, कुडा." व्याही म्हणून हाक मारली, म्हणजे ठरलं. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. रिवाजाप्रमाणे कुणीतरी दोन्ही व्याह्यांच्या तोंडाला दही फासलं.

पाहुणे गेल्यावर ओमुरझाकने वही उघडली आणि प्रामाणिकपणे लिहिलं. शेपटी एकशे सात, कारण साठाच्या कापात पाच ग्रॅम पाणीच. आठवड्याचे उरलेले दिवस त्याने इतके जपून काढले की शेवटी चारशे अठरा भरली. दोन ग्रॅम बाकी राहिली याची रुखरुख त्याला लागली.

ऑगस्टच्या एका बुधवारी गुरांच्या काट्यावर तो नव्व्याण्णव सातशे भरला. त्या दिवशी कासमालीने पिंजऱ्याचं दार स्वतः उघडलं आणि खाली उतरायला हात दिला. नारीनच्या डॉक्टरने गुडघा दाबून, वाकवून पाहिला आणि सांगितलं की एवढा हलत असेल तर कापायची घाई नको, वर्षभर पाहू. सायराकानचंही वजन या काळात चार किलोंनी उतरलं होतं. तिने काहीच मोजलं नव्हतं. जोडीला कुणी पोटभर जेवणारं नसलं की घास उतरत नाही, एवढंच तिचं म्हणणं.

लग्न सप्टेंबरमध्ये झालं. चार दिवसांनी कोच्कोरहून गुलसूनचा फोन आला, खास हे सांगायला. आमच्याकडे पहिल्या सकाळी नवी सून सासरच्यांना चहा ओतून देते. नूरपेरीने पांढऱ्या रुमालात, मान खाली घालून, सगळ्यांना चहा दिला. कुणाकडे वर बघितलं नाही, अवाक्षर बोलली नाही. शार्शेनालींनी सवयीने सुरीवर लोण्याचा मोठा गोळा घेतला. सुनेकडे पाहिलं. ती चहाच ओतत होती. त्यांनी अर्धं लोणी परत ताटलीत ठेवलं. पुन्हा पाहिलं. ती अजून चहाच ओतत होती. मग त्यांनी सगळं लोणी परत ठेवलं आणि सुरी नानला पुसली.

गुलसून हसत होती. ओमुरझाकही हसला. मग त्याने शार्शेनालींना फोन लावला आणि आधी इकडचं-तिकडचं, मधमाश्यांचं, पावसाचं बोलून झाल्यावर आवाज खाली आणत सांगितलं, "कुडा, ऐका. सुरी नानला पुसली की दोन-तीन ग्रॅम नानवर राहतंच. तेवढं ती धरत नाही."